वरील विषयास अनुसरून

काही माणसांना जन्मतःच गळा असतो, काहींना हात असतो. मला अर्ज आहे. म्हणजे मला अर्ज चांगला लिहिता येतो. ही देणगी देवानं मलाच का दिली ते ठाऊक नाही. मी तिच्यासाठी अर्ज केलेला नव्हता.

मिरजगावात मी आयुष्यभर मराठी शिकवलं. माझे विद्यार्थी संधी विसरले, समास विसरले, अलंकार तर परीक्षेच्या हॉलमध्येच विसरले. पण गुरुजींना अर्ज येतो, एवढं गाव विसरलं नाही. विहिरीचा, वीजजोडणीचा, बदलीचा आणि बदली रद्द करण्याचा, असे सगळे अर्ज माझ्या ओसरीवर जन्माला आले. एका ग्रामसेवकासाठी शेवटचे दोन्ही एकाच महिन्यात लिहिले आणि दोन्ही मंजूर झाले. तो बिचारा सध्या नेमका कुठं आहे, हे त्याच्या खात्यालाही सांगता येत नाही म्हणतात.

अर्जाची भाषा ही मराठीची सावत्र बहीण आहे. ‘माझा पाय मोडला’ असं अर्जात लिहीत नाहीत. ‘अर्जदाराच्या पायास इजा झाली असल्याकारणाने’ असं लिहितात. असं लिहिलं की मोडका पाय एकदम परका होतो, आणि परक्या पायाला रजा द्यायला साहेबाला जड जात नाही. चाळीस वर्षं मी लोकांची दुखणी अशी परकी करून देत आलो, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही. वाटलं ते अलीकडे. त्याचीच ही हकीकत.

तीनचार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी बचत गटाच्या पाच बायका ओसरीवर आल्या. पुढं मावशी. सबंध गाव त्यांना मावशी म्हणतं. फक्त त्यांच्या सख्ख्या बहिणीची मुलं काकी म्हणतात, कारण दोघी बहिणी एकाच घरात दिलेल्या. मावशींच्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये चौदा पानांचा फॉर्म होता.

“गुरुजी, आरोग्याला पैसे देत्यात म्हणं मुंबईची कंपनी. तेवढा फारम लिवा.”

कंपन्या एकाएकी धर्मराज झाल्या नव्हत्या. २०१३ च्या कंपनी कायद्यात १३५ वं कलम आलं. ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले किमान दोन टक्के समाजकार्याला घालावेत, असं त्यात ठरलं. तेव्हापासून दानालाही खातं, शिक्का आणि शेवटची तारीख आली. मावशींना हवं होतं ते साधंच होतं. बाळांचं वजन करायला काटा, रक्तदाबाचं यंत्र, साखर तपासायच्या पट्ट्या आणि वस्तीवरच्या बाळंतिणीला रात्रीअपरात्री आणायला जीपचं भाडं.

“एकशेआठला फोन केला तर गाडी येते की,” मी म्हणालो.

“येती की. डांबरीपत्तुर येती. बाळंतीण वस्तीवर आसती, गुरुजी. मधी वढा हाये.”

“आणि गावच्या आरोग्य समितीला सरकार पैसे देतं ते?”

ही समिती २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. गावानं आपल्या आरोग्याचा आराखडा करावा, तो तालुक्याला जावा, तालुक्याचा जिल्ह्याला, जिल्ह्याचा राज्याला, राज्याचा दिल्लीला, आणि तिथं मंजुरी मिळून पैसे त्याच वाटेनं खाली यावेत, अशी ती योजना. शिवाय वाटेतल्या कुणालाही न विचारता खर्च करायला गावच्या समितीला वर्षाला दहा हजार रुपये ठरवलेले. मावशी समितीवर होत्या.

“दहा हजार येत्यात,” त्या म्हणाल्या. “गटारीला पावडर टाकली, यक सभा घेतली, च्या पाजला, झालं. वरीस अजून आकरा म्हैनं उरतंय.”

मी चष्मा पुसला आणि फॉर्म उघडला. पहिल्याच पानावर ‘ध्येय’, ‘उद्दिष्ट’, ‘उपक्रम’, ‘फलित’, ‘परिणाम’ आणि ‘दूरगामी परिणाम’ असे सहा रकाने होते. मी मराठीचा शिक्षक. तरी फलित कुठं संपतं आणि परिणाम कुठं सुरू होतो ते मला सांगता येईना. मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “काटा आनायचा, पोर तोलायचं, हलकं भरलं तर त्याच्या आईला खाऊ घालायचं. यात सा कुटलं? तीनच हायेत.” उरलेल्या तिघांची सोय मी माझ्या पदरची केली.

पुढचा प्रश्न शाश्वततेचा. ‘तीन वर्षांनंतर अनुदान थांबल्यावर प्रकल्प कसा चालू राहील?’ मी तो मोठ्यानं वाचला. पाचही बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

“गुरुजी,” मावशी हळूच म्हणाल्या, “पैसं थांबल्यावर चाललं आसतं, तर पैसं मागितलं कशाला आसतं?”

या वाक्याला उत्तर नाही. मी त्या जागी ‘स्थानिक संसाधनांच्या सुयोग्य एकत्रीकरणाद्वारे व लोकसहभागातून’ असं लिहिलं. त्याचा अर्थ मला आजही विचारू नका.

मग ‘गरजेची तीव्रता’ हा रकाना आला. मागच्या दहा वर्षांत बाळंतपणात किती स्त्रिया दगावल्या, संख्या लिहा.

मावशींनी बोटं मोजायला सुरुवात केली. पण त्या आकडे मोजत नव्हत्या, नावं घेत होत्या. पहिल्या नावाला एकीनं डोळ्याला पदर लावला, ती तिची जाऊ होती. दुसरीचा मुलगा आता सहावीत आहे. तिसरं नाव आलं तेव्हा मीच म्हणालो, “अरे! ती? ती तर माझ्या वर्गात होती.” तिचं अक्षर फार सुरेख होतं. शाळा सुटल्यावर पुढं तिचं काय झालं ते मला त्या दिवशी, फॉर्म भरताना कळलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी रकान्यात लिहिलं, ‘३’.

तो रकानाच तेवढा होता. त्यात दुसरं काही मावलं नसतं.

अर्ज मंजूर झाला. पैसे आले, काटा आला, जीपवाल्याशी ठरलं. गावानं माझा सत्कार केला, शाल दिली. बायकांनी काम केलं आणि शाल मला, ही आपली जुनी पद्धत आहे. तिथंच हे थांबतं तर मी हा लेख लिहिला नसता. पण त्या न्यासाला माझी भाषा इतकी आवडली की दोन वर्षांनी त्यांचं पत्र आलं. अर्ज तपासणाऱ्या समितीवर ‘ग्रामीण प्रतिनिधी’ म्हणून आपण यावं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्याचा प्रकार होता; पण जाण्यायेण्याचं भाडं मिळणार होतं. मी गेलो.

अर्ज कसे तपासतात याचं माझ्या मनात एक चित्र होतं. लांब टेबल, पांढऱ्या केसांचे गंभीर लोक, एकेका गावाचं नाव निघतंय, सगळे विचारात पडलेत. प्रत्यक्षात टेबल लांब होतं, बाकी सगळं वेगळं होतं. आलेल्या अर्जांची आधी चाळण होते. नोंदणी आहे का, हिशेब तपासलेले आहेत का, सही आहे का? जे उरतात त्यांतला प्रत्येक अर्ज तिघांना घरी वाचायला मिळतो. प्रत्येकानं शंभरपैकी गुण द्यायचे. गरज वीस, आराखडा तीस, संस्थेची क्षमता वीस, अंदाजपत्रक वीस, शाश्वतता दहा. तिघांची सरासरी काढायची, यादी वरून खाली लावायची आणि पैसे संपतील तिथं रेघ मारायची. रेघेच्या वरचे पास, खालचे नापास. सभा भरते ती बहुतेक त्या रेघेच्या आसपासच्या पाचसहा अर्जांसाठी.

माझ्या वाट्याला एकवीस अर्ज आले होते. मी ते दहावीच्या पेपरासारखे तपासले. मास्तर माणूस, शुद्धलेखनाची चूक दिसली की हात आपोआप लाल पेनकडे जातो. सकाळी चहाआधी तपासलेल्यांना कमी गुण पडले, चहानंतरच्यांना बरे. एका अर्जावर तर मी खूश झालो. काय भाषा! काय ओघ! मी त्याला एक्याण्णव दिले.

आणि एक अर्ज होता एका वस्तीचा. वहीच्या पानावर निळ्या शाईनं लिहून त्याचा मोबाईलवर फोटो काढलेला. फोटोच्या कोपऱ्यात काढणाऱ्याचा अंगठाही आलेला. वस्तीला रस्ता नाही, पावसाळ्यात ओढा चढतो, नर्सबाई येऊ शकत नाहीत, आम्ही चौघीजणी शिकायला तयार आहोत, कुणीतरी शिकवा. संपलं. ‘संभाव्य धोके’ या प्रश्नापुढं लिहिलं होतं, ‘माहीत नाही.’ शाश्वततेपुढं लिहिलं होतं, ‘तेव्हाचं तेव्हा बघू.’ मी अडतीस दिले. अक्षराचे दोन कापले असावेत.

सभेत माझा एक्याण्णववाला अर्ज निघाला. शेजारच्या बाई त्यातला एक उतारा कौतुकानं मोठ्यानं वाचायला लागल्या, “स्थानिक संसाधनांच्या सुयोग्य एकत्रीकरणाद्वारे व लोकसहभागातून...”

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं.

ते वाक्य माझं होतं. आमचा मंजूर झालेला अर्ज मोबाईलवरून गावोगाव फिरला होता आणि त्यातलं वाक्य सही न बदलता तिकडं जाऊन बसलं होतं. ज्या वाक्याचा अर्थ मलाच ठाऊक नव्हता, त्याला मी एक्याण्णव दिले होते. आणि ‘माहीत नाही’ या वाक्याला, म्हणजे त्या सबंध ढिगातल्या बहुधा एकमेव खऱ्या वाक्याला, अडतीस.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, मग फॉर्म जाळा आणि माणूस बघून पैसे द्या. मलाही त्या रात्री एसटीत असंच वाटलं. पण घोगरगाव येईपर्यंत ते वाटणं उतरलं. माणूस बघून पैसे देण्याची पद्धत आपल्याकडे होतीच की! तिला वशिला म्हणतात. साहेबाच्या मेव्हण्याच्या गावात नळ आधी जातो, ती पद्धत. फॉर्म आला तो या मेव्हण्याला बाहेर काढायला. फॉर्मला जात कळत नाही, पक्ष कळत नाही, सोयरीक कळत नाही. कुणाच्याही ओळखीची नसलेली वस्ती फोटो काढून अर्ज पाठवू शकली ती फॉर्ममुळंच. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी बांधली ते बरंच झालं. गोची एवढीच की कान मोकळे राहिले, आणि गोड कोण बोलतं ते तिला बरोबर ऐकू येतं.

तर प्रश्न असा. डोळे उघडावेत तर मेव्हणा दिसतो, मिटावेत तर भाषा ऐकू येते. मग खरी गरज कळायची कशी?

या बाबतीत शास्त्रज्ञांची अवस्था आपल्याहून बरी असेल असं मला वाटत होतं. ती तशी नाही. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनकडं आलेले दीडशे अर्ज कोल, कोल आणि सायमन या तिघांनी दुसऱ्या तितक्याच जाणत्या परीक्षकांकडून पुन्हा तपासून घेतले. १९८१ साली त्यांनी निष्कर्ष छापला. अर्ज मंजूर होणं हे निम्मं अर्जाच्या गुणावर आणि निम्मं परीक्षक कोण भेटला या नशिबावर! एवढी प्रयोगशाळा लावून त्यांनी जे शोधलं ते दहावीच्या कुठल्याही पोराला ठाऊक असतं.

मग न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन मंडळानं २०१३ पासून एका प्रकारच्या अनुदानासाठी निराळाच मार्ग धरला. आधी चाळण. कल्पना नवी आहे का, करण्याजोगी आहे का, एवढंच बघायचं. चाळणीतून जे खाली येतील त्यांच्यात चक्क चिठ्ठ्या टाकायच्या. हे वाचून मला हसू आलं आणि थोडा अभिमानही वाटला. आमच्या भिशीचा नंबर किती वर्षं असाच काढतात! डब्यात चिठ्ठ्या, एखादं शेंबडं पोर पुढं करायचं, ते उचलेल ती खरी. त्या पोरानं पक्षपात केला असं आजवर कुणी म्हणालेलं नाही. आणि मुख्य म्हणजे ज्याची चिठ्ठी निघत नाही तो नापास होत नाही. त्याची चिठ्ठी निघाली नाही, एवढंच. मान खाली घालून घरी जायचं कारण नसतं. चिठ्ठी टाकणारा कबूल करत असतो, की बाबांनो, यापुढचं आम्हाला समजत नाही. समितीनं दशांश चिन्हापर्यंत गुण काढले की समजतं असा भास होतो.

मला याहून मोठा धक्का घरच्याच गोष्टीनं दिला. जामखेड हा आमचा शेजारचा तालुका. तिथं डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली आले. त्याआधी त्यांनी याच जिल्ह्यात वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात काम केलं होतं. बरा करून पाठवलेला रोगी त्याच रोगानं परत येतो हे तिथं पाहिलं आणि मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकून आले. जामखेडला पहिला दवाखाना थाटला तो गुरांच्या जुन्या दवाखान्यात. आता गंमत बघा. आरोग्य द्यायला आलेल्या डॉक्टरांना लोक सांगायला लागले, आधी पाणी द्या, धान्य द्या. १९७२ चा दुष्काळ यायचाच होता. गावोगाव शिकलेल्या नर्सबाई ठेवायच्या, हा पहिला विचार. तो जमला नाही. परक्या, एकट्या बाईचं गाव ऐकेना. मग गावातल्याच बायका निवडल्या. कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्यांना शिकवलं, आणि काम उभं राहिलं ते या बायकांवर. १९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ दगावत होती. पुढच्या वीसबावीस वर्षांत तो आकडा विसाच्या खाली आला. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुस्तकात जामखेडवर प्रकरण आलं, १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता कल्पना करा, हा अर्ज १९७० साली माझ्याकडे तपासायला आला असता आणि त्यात खरं लिहिलेलं असतं. ‘आम्ही दवाखाना काढू, पण लोक पाणी मागतील. आमची पहिली योजना फसेल. ज्यांना सही येत नाही अशा बायका पुढचं काम करतील. कशा, ते अजून माहीत नाही.’ मी किती गुण दिले असते? अडतीससुद्धा नाही. क्षमतेच्या रकान्यात, ज्यांच्यावर सगळं उभं राहिलं त्या बायकांना शून्य दिलं असतं. वर शेरा मारला असता, ‘अर्जदारांस विषयाचे पुरेसे आकलन दिसत नाही.’

मला वाटतं, सगळं चुकतं ते इथं. अर्ज हे वचन असतं अशी आपली समजूत आहे, आणि तीन वर्षांपुढचं वचन खरं बोलणारा माणूस देऊ शकत नाही. मागणाऱ्याला ‘माहीत नाही’ म्हणायची सोय नाही, देणाऱ्यालाही नाही. म्हणून दोघं मिळून माझ्यासारख्याला बोलावतात.

पुढच्या सभेत मी हे सगळं बोललो. ते वाक्य माझंच आहे हे आधी कबूल केलं. लोक हसले; त्यांना तो माझा विनोद वाटला. मग सूचना केली, की रेघेच्या आसपासच्या अर्जांत चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि ‘माहीत नाही’ या उत्तराला गुण असावेत. अध्यक्ष भले गृहस्थ होते. म्हणाले, “गुरुजी, कल्पना उत्तम आहे. पण मी वरती काय सांगू, पैसे लॉटरीवर वाटले?” म्हणजे अध्यक्षांनाही कुठंतरी अर्ज करावाच लागत होता. इतिवृत्तात ‘सूचनेची नोंद घेण्यात आली’ असं वाक्य पडलं. हे वाक्य मी स्वतः आयुष्यात इतक्यांदा लिहिलं आहे की त्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. वस्तीचा अर्ज रेघेच्या खालीच राहिला. दिलेले गुण बदलता येत नाहीत, असा नियम आहे. आणि तो वशिल्याविरुद्धच केलेला आहे.

परत आल्यावर मावशींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या.

“मंग आवंदा त्यांचा फारम तुमी लिवा,” त्या म्हणाल्या.

“मी लिहिला तर तो खोटा होतो, मावशी. तेच तर सांगतोय.”

“खोटा नका लिवू,” त्या मान वर न करता म्हणाल्या. “सुद लिवा.”

शुद्ध आणि खोटं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चाळीस वर्षं शुद्धलेखन शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मी समितीला राजीनामा पाठवला, कारण एका हातानं लिहायचं आणि दुसऱ्या हातानं तपासायचं हे बरं नव्हे. मग त्या वस्तीवर गेलो. ओढा कोरडा होता, चालत गेलो. त्या चौघीजणी भेटल्या. अंगठ्याचा मालकही भेटला, आठवीतलं पोर आहे. झाडाखाली बसून फॉर्म भरला. त्या सांगतील तेवढंच लिहिलं. ऱ्हस्वदीर्घ तेवढं माझं. ‘संभाव्य धोके’ आले तेव्हा पेन सवयीनं ‘स्थानिक’ लिहायला निघालं होतं; आवरलं, आणि ‘माहीत नाही’ लिहिलं. ‘मा’ला काना, ‘ही’ दीर्घ.

मग दगावलेल्या बायकांचा रकाना आला. रकाना तेवढाच, एका आकड्यापुरता. त्या नावं घ्यायला लागल्या. आकडा रकान्यात घातला आणि नावं बाजूच्या समासात लिहिली, एकाखाली एक. समासात काही लिहू नये अशी फॉर्मवर सूचना आहे. मी ती वाचली होती.

उत्तर अजून आलेलं नाही.